जो मोठ्याने ओरडतो, त्याचा हप्ता आधी नसतो

वाचकाचं पत्र, थोडं संक्षिप्त करून :

ताई, सप्रेम नमस्कार. नाव छापू नका. वय ४१. भांडुपला आईच्या नावावरच्या खोलीत राहतो. आई, बायको आणि नववीतली मुलगी. लोअर परळला एका खासगी कंपनीत डिस्पॅचला आहे. पतपेढीचा हप्ता कापून हातात ५२,००० रुपये येतात. वडिलांच्या आजारपणात बँकेचं पर्सनल लोन काढलं, ते फेडायला कार्ड वापरलं, कार्ड फेडायला ॲपवरून घेतले. आज पतपेढीचे २,१०,०००, बँकेचे ३,८०,०००, दोन कार्डांवर १,३५,००० आणि ६०,०००, पाच ॲपचे मिळून ९५,००० आणि आमच्याच विभागातल्या एका माणसाचे ५०,००० देणं आहे. त्या माणसाला शेकडा दहाने महिना ५,००० व्याज चौदा महिने देतोय, मुद्दल तसंच उभं. त्याच्याकडे माझे दोन कोरे चेक आणि सही केलेला स्टँप पेपर आहे. दोन महिने ॲपचे हप्ते चुकले. रात्री अकरालाही फोन येतात. माझ्या फोटोखाली ‘चोर’ लिहून मेहुण्याला पाठवलं. एक जण ऑफिसच्या गेटवर येऊन गेला. आता लवाद (कोर्टाबाहेर निवाडा देणारा पंच) नेमल्याची वकिलाची नोटीस आली आहे. बायकोला ॲपचं आणि त्या माणसाचं काही माहीत नाही. अटक होईल का? पगार जप्त होईल का? शेतकऱ्यांना कर्जमाफी मिळते, आमच्यासाठी तसं काही आहे का? एक कंपनी म्हणते, सगळं निम्म्यात मिटवून देतो, त्यांच्याकडे जाऊ का? की बायकोचे दागिने ठेवून एकदाचं संपवू? झोप लागत नाही. नको नको ते विचार येतात.

उत्तर :

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य आधी घेते. नको नको ते विचार येतात, असं तुम्ही लिहिलंत. ते लिहू शकलात, हे फार बरं झालं. १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे. दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. आजच लावा. दुसरं काम त्याहून अवघड आहे, तेही आजच करा : मुलगी झोपल्यावर बायकोला सगळं सांगा. ॲपचं, त्या माणसाचं, व्हॉट्सॲपवरच्या फोटोचं. तिच्या भावाकडे मेसेज गेला आहे म्हणजे कदाचित तिच्या कानावर आलंही असेल आणि तुम्ही कधी बोलता याची ती वाट बघत असेल. हे वसुलीवाले तुमच्या लपवाछपवीवरच जगतात. घरात सगळं उघड झालं की ‘तुमच्या मिसेसना फोन करू का?’ या धमकीत काही उरत नाही.

मी बँकेच्या वसुली विभागात अकरा वर्षं काढली. टेबलाच्या पलीकडे बसून एक गोष्ट शेकडो वेळा पाहिली. अडचणीतला माणूस जो जास्त ओरडतो त्याला आधी पैसे देतो. त्यात त्याची चूक नाही, भीतीने माणूस तेच करणार. पण ज्याच्या हातात कायद्याचं बळ कमी, तोच जास्त ओरडतो. ज्याला खरंच काही करता येतं तो शांतपणे पत्र पाठवतो आणि तारखेची वाट बघतो. तुमचे सगळ्यात कर्कश फोन ९५,००० रुपयांसाठी येतात. पतपेढीचा मात्र कधी फोन आला नसेल, आणि तिथेच तुमचं सगळ्यात जास्त अडकलेलं आहे. म्हणून क्रम आपण ठरवायचा, आणि तो चुकवल्याचा परिणाम काय होतो ते बघून ठरवायचा.

तुमचे आकडे मी मांडून पाहिले. एकूण देणं ९,३०,०००. बँकेचा हप्ता किती ते तुम्ही पत्रासोबतच्या चिठ्ठीत लिहिलंय, ११,४००. कार्डांचा ‘मिनिमम ड्यू’ साधारण ९,७५०, ॲपचे १८,०००, त्या माणसाचं व्याज ५,०००. बेरीज ४४,१५०. म्हणजे ५२,००० मधून घरात उरतात ७,८५०. मुंबईत चार माणसांचा महिना ७,८५० मध्ये निघत नाही, म्हणून दर महिन्याला नवं ॲप. यात उधळपट्टी कुठे दिसत नाही. गणितच बसत नव्हतं, आणि ते बसत नाही हे पैसे देणाऱ्या एकाही कंपनीने तपासलं नाही.

त्यातही कार्डाचं बघा. स्टेटमेंटवरचा दर वाचा. महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२, हा दर सर्रास दिसतो. १,३५,००० वर महिन्याचं व्याज ४,७२५ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, साधारण ८५०. झाले ५,५७५. पाच टक्के मिनिमम म्हणून तुम्ही ६,७५० भरता, त्यातून मुद्दल जेमतेम ११७५ ने हलतं. अनेकांना वाटतं, इतकं व्याज बेकायदा असेल. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांवरचं कार्डाचं व्याज अनुचित ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. मला त्याचं दुःख आहे, पण आज तो आधार उरलेला नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर बसू नका.

आता अटक. कर्ज न फेडणं हा गुन्हा नाही, तो दिवाणी मामला आहे. ‘पोलीस निघालेत’ असं फोनवर सांगणारा खोटं बोलतो. दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा, म्हणजे पैसे भरा असा आदेश, झाल्यावरही, ऐपत असून पैसे लपवले, बुडवायचा इरादा होता, असं काही सिद्ध झाल्याशिवाय केवळ गरिबीमुळे तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितलंय. निकाल न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा, आणि कर्ज देणारी एक बँकच होती.

एक दरवाजा मात्र फौजदारीकडे उघडतो, तो नीट समजून घ्या. चेक परत गेला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८, आणि खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता परत गेला तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट कायद्याचं कलम २५. दोन्हींत दोन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. आधी लेखी नोटीस येते, ती मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस मिळतात, त्यानंतरच केस दाखल होते. आणि केस झाली तरी कोणत्याही टप्प्यावर तडजोड करता येते. मॅजिस्ट्रेट स्वतःच विचारतात, मिटवता का म्हणून. यात लोक अडकतात ते एकाच कारणाने. समन्स आलं की घाबरून जात नाहीत, मग वॉरंट निघतं, आणि मग खरोखर पोलीस दारात येतात. समन्स आलं तर जायचं. वकील नसला तरी जायचं. तारखेला हजर राहणाऱ्या गरीब माणसाशी कोर्ट वाईट वागत नाही.

पगाराचं. आधी कोर्टाचा हुकूमनामा लागतो, मगच जप्ती. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० सांगतं की पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश यांना हात लावता येत नाही. समजा तुमचा पगार ६०,००० आहे. तर ५९,००० चा एक-तृतीयांश, म्हणजे १९,६६६, इतकाच भाग जप्त होऊ शकतो. तोही २४ महिने. मग १२ महिने थांबावं लागतं, आणि जप्ती एकाच हुकूमनाम्यासाठी चालली असेल तर २४ महिन्यांनंतर त्या हुकूमनाम्यासाठी पगार कायमचा सुटतो. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी यांना कायद्याचं वेगळं संरक्षण आहे. घरातली भांडी, कपडे, अंथरूण-पांघरूण आणि धर्माच्या रीतीने बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने, म्हणजे मंगळसूत्र, हेही जप्तीबाहेर. खोली आईच्या नावावर आहे आणि आई जामीनदार नाही. खोलीला धोका नाही. बायकोने कुठे सही केलेली नसेल तर तिच्यावर एक रुपयाचं देणं नाही. आता तुम्हीच बघा, आज तुम्ही स्वखुशीने ४४,१५० देताय आणि कोर्टाने सगळं टोक गाठलं तरी १९,६६६ च्या वर नेता येत नाही. थकवा असं मी सांगत नाही. पण ज्याची तुम्हाला एवढी भीती वाटते ते कोर्टसुद्धा तुमच्या मुलीचं ताट आधी बाजूला काढून ठेवतं.

एक सावधगिरी. पगाराचं खातं जर कर्ज देणाऱ्या बँकेतच असेल, तर ती बँक खात्यातली रक्कम थकबाकीत वळती करू शकते, त्याला कोर्ट लागत नाही. पगार दुसऱ्या बँकेत जमा करायला एचआरला सांगा.

ॲपवाल्यांकडे येऊ. आधी कर्जाच्या कागदावर खरी सावकार कंपनी कोण आहे ते शोधा; ॲपचं नाव वेगळं असतं, मागे पैसे देणारी वित्तकंपनी वेगळी. ती रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली नसेल तर रिझर्व्ह बँकेच्याच सचेत पोर्टलवर तक्रार करा. नोंदलेली असेल तर रिझर्व्ह बँकेचे नियम तिच्या मानेवर आहेत. ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. धमकी, बदनामी, नातेवाइकांना त्रास यांना मनाई आहे. डिजिटल कर्जाचे नियम सांगतात की ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट आणि फोटो बघता येत नाहीत. आणि एजंटने काहीही केलं तरी जबाबदारी कर्ज देणाऱ्या कंपनीची, ‘तो आमचा माणूस नाही’ हे उत्तर चालत नाही.

तेव्हा भांडत बसू नका, नोंद ठेवा. फोनमधल्या परवानग्या आजच काढा. एक वही करा : तारीख, वेळ, नंबर, काय बोलला. मेहुण्याला आलेल्या मेसेजचा स्क्रीनशॉट, रात्री अकराच्या फोनचं रेकॉर्डिंग. गेटवर आलेल्या माणसाला ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र विचारायचं, ते त्याच्याकडे असायलाच हवं. ही सगळी तक्रार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेलने करा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. ऑनलाइन अर्ज आहे, फी नाही, माहितीसाठी १४४४८. फोटोवर ‘चोर’ लिहून पाठवणं हा मात्र सरळ पोलीस ठाण्याचा विषय आहे. त्यासाठी ३० दिवस थांबू नका. १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला फोन करा आणि भांडुप पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, पोचेचा शिक्का घ्या. शिक्का मारायला टाळाटाळ करतील. तरी बसून राहा.

आता त्या विभागातल्या माणसाकडे. पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त राग तिथे आला. महाराष्ट्रात सावकारीचा कायदा आहे, २०१४ चा. परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे, त्याला तुरुंगवास आहे. परवानाधारक सावकारालाही बिगरशेती कर्जावर तारण असेल तर वर्षाला १५ आणि विनातारण १८ टक्क्यांवर व्याज घेता येत नाही. तुम्ही वर्षाला १२० टक्क्यांनी देताय. हिशेब करा : ५०,००० वर १८ टक्क्यांनी चौदा महिन्यांचं व्याज होतं १०,५००. मुद्दल आणि व्याज मिळून ६०,५००. तुम्ही दिलेत ७०,०००. सरकारी दराने बघितलं तर तुमचं देणं फिटून वर साडेनऊ हजार गेलेत. परवाना नसलेल्या सावकाराच्या बाजूने कोर्ट हुकूमनामाच देत नाही. आपल्याकडे दामदुप्पट हा शब्द घराघरात आहे, तो नुसता बोलण्यातला नाही. व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही, हा जुना हिंदू कायद्यातला नियम मुंबई इलाख्याच्या कोर्टांनी पाळला आणि या कायद्यातही तो आला.

म्हणून त्याचं व्याज या महिन्यापासून बंद. पण नुसतं बंद करून गप्प बसायचं नाही, कारण कोरे चेक त्याच्याकडे आहेत. तुमच्या भागातल्या सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे, म्हणजे सावकारांच्या निबंधकाकडे, लेखी तक्रार द्या : कधी घेतले, किती दिले, चेकचे नंबर, स्टँप पेपर. व्याज यूपीआयने दिलं असेल तर खात्याचा उतारा हाच पुरावा. त्याची प्रत पोलिसांना. बँकेलाही ते चेक थांबवायला लेखी सांगा. उद्या त्याने चेकवर वाटेल तो आकडा घालून केस केलीच, तर आधीच्या तारखेची ही तक्रार तुमच्या कामी येईल. तो दांडगा असेल, राजकारण्यांमध्ये ऊठबस असलेला असेल, तर एकट्याने जाऊ नका. मेहुण्याला बरोबर न्या. फोटो त्याच्याकडेच आला होता ना? त्याला आता तुमच्या बाजूने उभं राहू दे.

पतपेढीबद्दल थोडक्यात. तो हप्ता कधीही थांबवू नका. दोन सहकारी तुम्हाला जामीन आहेत, तुम्ही थकलात तर त्यांच्या पगारातून कापलं जाईल. शिवाय सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली पतपेढीला दिवाणी दाव्याशिवाय वसुलीचा दाखला मिळतो. तुमच्या सगळ्या कर्जांत हात सगळ्यात लांब तिचाच आहे.

कर्जमाफी. हा प्रश्न मला दर महिन्याला येतो आणि दर महिन्याला उत्तर लिहिताना जड जातं. २०१७ ची आणि २०१९ ची महाराष्ट्राची कर्जमाफी शेतीकर्जाची होती. शहरातल्या पगारदाराच्या पर्सनल लोनला तसं काही नाही. पूर्वी इथल्या कायद्याने याहून मोठं मन दाखवलंय. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, त्यानंतर १८७९ चा कायदा आला आणि कोर्टाला कर्जखताच्या मागे जाऊन मूळ हिशेब तपासता येऊ लागला. १९७० च्या दशकात महाराष्ट्राने कर्जमुक्तीचा कायदा केला, त्यात लहान शेतकरी आणि कारागीर यांच्याबरोबर कामगारही होते; सावकारांनी आव्हान दिलं आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा टिकवला. आज ॲपच्या जाळ्यात अडकलेला लोअर परळचा नोकरदार त्या कामगाराचाच वारस आहे. त्याच्यासाठी कायदा करावा असं कुणाला वाटत नाही, आणि ते वाटायला हवं.

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी ‘फ्रेश स्टार्ट’ नावाचं, म्हणजे लहान कर्जातून मोकळं होण्याचं, प्रकरण आहे. पण सामान्य कर्जदारासाठी तो भाग अजून लागूच केलेला नाही. केला असता तरी तुम्ही बसला नसतात : वार्षिक उत्पन्न ६०,००० च्या आत, मालमत्ता २०,००० च्या आत आणि कर्ज ३५,००० च्या आत अशी त्याची मापं आहेत. त्यामुळे मुंबईकरासाठी आजही इंग्रजांचा १९०९ चा नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, कायदा चालतो, जो मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या तीन शहरांपुरता आहे. देणं ५०० रुपयांचं असलं तरी मुंबई उच्च न्यायालयात नादारीचा अर्ज करता येतो. यावरून तो किती जुना आहे ते कळेल. अर्ज मंजूर झाला की मालमत्ता ऑफिशियल असायनी या कोर्टाच्या अधिकाऱ्याच्या ताब्यात जाते, धनकोंना, म्हणजे देणेकऱ्याकडून पैसे येणं असलेल्यांना, परस्पर वसुली करता येत नाही, आणि पुढे कोर्ट मुक्तता देऊ शकतं. किंमतही मोठी आहे. नाव राजपत्रात छापून येतं, नादार असल्याचं न सांगता उधार घेणं गुन्हा ठरतं, आणि तुमच्या प्रत्येक व्यवहाराची उलटतपासणी होते. पगार चालू असलेल्या, ४१ वर्षांच्या माणसाला मी आज हा रस्ता सांगणार नाही. नोकरी गेली आणि सगळीकडून दावे लागले तर तो आहे, एवढं माहीत असू द्या.

‘निम्म्यात मिटवतो’ म्हणणाऱ्या कंपनीकडे जाऊ नका. ते सांगतात हप्ते बंद करा, आमची फी भरा. फी दर महिन्याला त्यांच्या खात्यात, थकबाकी तुमच्या नावावर. जी तडजोड ते करतात ती तुम्हाला स्वतः करता येते. जून २०२३ पासून रिझर्व्ह बँकेने बँकांना आणि वित्तकंपन्यांना तडजोडीचं धोरण ठेवायला लावलंय. आतली गोष्ट सांगते : ९० दिवस थकलेलं खातं बुडीत गटात जातं, त्यानंतर बँकेची भाषा मऊ होते, आणि मार्चअखेर जवळ आली की आणखी मऊ. पण तडजोडीचं पत्र कंपनीच्या लेटरहेडवर किंवा अधिकृत ईमेलवर हातात आल्याशिवाय एक पैसा भरायचा नाही. त्यात खातेक्रमांक, रक्कम आणि ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द हवेत. पैसे कर्जखात्यातच भरायचे, एजंटच्या यूपीआयवर कधीच नाही. नंतर ना-देय दाखला. सिबिलला ‘सेटल्ड’ असा शेरा पडेल आणि बरीच वर्षं राहील. तुम्हाला पुढची काही वर्षं नवं कर्ज मिळालं नाही तर मला तरी वाईट वाटणार नाही.

आणि दागिने नाही. आज तुमची सगळी कर्जं विनातारण आहेत, हीच तुमची ढाल आहे. सोनं ठेवलंत की तारण आलं, आणि हप्ता चुकला की लिलाव. पुढे कधी एखाद्या कार्डाचं तडजोडपत्र हातात असेल, रक्कम ठरलेली असेल, आणि बायको स्वतःहून म्हणाली, तर तेवढ्यापुरता विचार करा. भीतीपोटी मात्र नको.

मग महिना कसा चालवायचा? आधी घर बाजूला काढा : किराणा, वीजबिल, आईची औषधं, मुलीची फी, तुमचा रेल्वेचा पास. बायकोबरोबर बसून लिहा. मी २९,००० धरते. उरले २३,०००. त्यातून बँकेचा ११,४०० चा हप्ता आधी, आणि मुदत वाढवून तो कमी करा असा लेखी अर्ज आताच, थकायच्या आत. दोन्ही कार्डं कापा आणि बाकी हप्त्यांत फिरवून मागा. १८ टक्क्यांनी ३६ महिने मिळाले तर १,९५,००० चा हप्ता ७,००० च्या आसपास बसतो. साडेचार हजार राहतात, ते पाच ॲपना बाकीच्या प्रमाणात वाटून. ते ओरडतील. यातला कुणी दावाही करेल, हे लपवत नाही. पण दर महिन्याला ठरावीक रक्कम भरणारा आणि पत्राने बोलणारा कर्जदार कोर्टातही वेगळा दिसतो.

लवादाची नोटीस तेवढी तातडीची आहे. ती खोटी समजून फेकू नका. लवादाचा निवाडा झाला आणि तीन महिन्यांत आव्हान दिलं नाही तर तो हुकूमनाम्यासारखा बजावला जातो. पण कंपनीने एकतर्फी स्वतःचा लवाद नेमणं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ पासून नाकारलंय. म्हणून संमतीच्या कुठल्याही कागदावर सही करायची नाही आणि हरकत लेखी घ्यायची. मोफत वकिलासाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन १५१०० आहे. तुमचं उत्पन्न त्यांच्या मर्यादेबाहेर जाईल, पण विचारा. सोमवारी स्पीड पोस्टने हे पाठवा, पावती वहीत चिकटवा, आणि हाच मजकूर ईमेलनेही :

‘आपली अमुक तारखेची नोटीस मिळाली. लवादाची नेमणूक माझ्या संमतीशिवाय कंपनीने एकतर्फी केली आहे. तिला माझी हरकत आहे आणि मी ती सोडून देत नाही. कर्जाची मूळ रक्कम, आजवर भरलेले हप्ते, व्याज आणि दंड यांचा स्वतंत्र हिशेब व करारनाम्याची प्रत पाठवावी. माझं देणं मी नाकारत नाही. उत्पन्न आणि घरखर्च यांचा तक्ता सोबत जोडला आहे. त्यानुसार दरमहा इतके रुपये पुढील महिन्याच्या ७ तारखेपासून भरू शकतो. माझ्या नातेवाइकांशी अथवा कार्यालयाशी संपर्क करू नये. यापुढचा व्यवहार फक्त लेखी करावा.’